शेतीचं पाणी खंडाने घेऊन खालच्या राज्याचा वाटा कसा पुरा करायचा: अमेरिकेच्या पश्चिमेकडची रीत, पायरीपायरीने

आंतरराज्य नदीच्या भांडणात आपल्याला लवाद, निवाडे आणि टीएमसीचे आकडे तोंडपाठ असतात. निवाडा लागल्यावर वरच्या राज्याने ते पाणी प्रत्यक्षात आणायचं कुठून, यावर मात्र फारसं कोणी लिहीत नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांनी यासाठी एक वाट काढली आहे. सरकार शेतकऱ्याकडून एका हंगामाचं किंवा काही वर्षांचं सिंचनाचं पाणी खंडाने घेतं, शेतकरी तेवढी जमीन पडीक ठेवतो आणि ते पाणी नदीतून खालच्या राज्याकडे सोडलं जातं. ऐकायला सोपं आहे. पण पैसे मोजून पाणी घेतलं आणि सरहद्दीवर त्याचा पत्ताच नाही, असंही होऊ शकतं. त्यामुळे हा सगळा व्यवहार उलट्या दिशेने आखावा लागतो: आधी सरहद्द, मग नदी, मग धरण आणि शेवटी शेत.

पुढे एकर-फूट हे माप सतत येईल. एक एकर जमिनीवर एक फूट उंच साचेल इतकं पाणी म्हणजे एक एकर-फूट, साधारण १२.३ लाख लिटर. आपल्या ओळखीचं १ टीएमसी म्हणजे जवळपास २२,९५७ एकर-फूट.

पहिली पायरी: करारात नेमकं काय मोजलं जातं ते बघा

प्रत्येक नदीचा करार वेगळा आणि देण्याचं मापही वेगळं. कोलोरॅडो नदीच्या १९२२ च्या करारात वरच्या खोऱ्यातल्या राज्यांनी ली फेरी या ठिकाणचा प्रवाह सलग दहा वर्षांच्या बेरजेत ७.५ कोटी एकर-फुटांखाली जाऊ द्यायचा नाही, असं आहे. हा ठोस आकडा झाला.

न्यू मेक्सिको आणि टेक्सस यांच्यातला पेकोस नदीचा १९४८ चा करार असा नाही. त्यात आकडाच नाही. '१९४७ च्या परिस्थितीत' टेक्ससला जेवढं पाणी मिळालं असतं तेवढं मिळालं पाहिजे, असं म्हटलं आहे. म्हणजे वरून किती पाणी आलं, किती पूर आले, यावर त्या वर्षीचं देणं ठरतं, आणि त्यात तीन वर्षांची सरासरी धरतात. दुष्काळात देणं कमी होतं, पण शून्य होत नाही.

रिपब्लिकन नदीवर (कोलोरॅडो, नेब्रास्का, कॅन्सस, करार १९४३ पासून लागू) तर सरहद्दीवरच्या प्रवाहापेक्षा कोणत्या राज्याने किती पाणी 'खर्ची' घातलं हे मोजतात. २००२ च्या तडजोडीनंतर एरवी पाच वर्षांची सरासरी बघतात, टंचाईच्या काळात मुदत दोन वर्षांवर येते.

ही मुदत नीट समजून घ्या, कारण खंडाचा करार किती वर्षांचा हवा हे तिच्यावरून ठरतं. दहा वर्षांच्या बेरजेत एका वाईट वर्षाची भरपाई पुढे करता येते. पेकोसवर तशी सवलत नाही. जास्त दिलेलं पाणी पुढे जमा धरलं जातं, पण उणे शिल्लक चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या हुकूमनाम्याने नेमलेला रिव्हर मास्टर दरवर्षी हिशेब मांडतो आणि तूट निघाली तर ती ठरलेल्या मुदतीत पाण्यानेच भरून द्यावी लागते. पैसे देऊन सुटका नाही.

इथवर वेळ का आली तेही बघण्यासारखं आहे. टेक्ससने १९७४ मध्ये दावा लावला. १९८७ मध्ये न्यायालयाने ठरवलं की १९५० ते १९८३ या काळात न्यू मेक्सिकोने ३,४०,१०० एकर-फूट पाणी कमी दिलं. मागच्या नुकसानीपोटी न्यू मेक्सिकोने टेक्ससला १.४ कोटी डॉलर भरले आणि पुढचं देणं पाण्यानेच द्यायचं ठरलं. तेव्हापासून राज्याची इंटरस्टेट स्ट्रीम कमिशन ही संस्था पेकोसच्या खोऱ्यात शेतीचं पाणी खंडाने आणि विकत घेत आली.

दुसरी पायरी: तूट येण्याआधीच अंदाज बांधा

अधिकृत आकडा हातात येतो तेव्हा हंगाम संपलेला असतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीतच तीन गोष्टी मांडून ठेवायच्या: धरणांत साठा किती, डोंगरात बर्फ किती आणि जमाखात्यात मागचं किती शिल्लक आहे. त्यावरून 'वाईटात वाईट' तूट काढायची. खंडाचं पाणी पेरणीआधी ठरलं तरच स्वस्त पडतं. बी, खत, मशागत यांचा खर्च करून बसलेला शेतकरी जून-जुलैत पाणी सोडायला तयार होईल, पण तेव्हा तो नुसता नफा मागणार नाही, घातलेला खर्चही मागेल, आणि ते बरोबरच आहे.

दरवर्षी घाई नको असेल तर आगाऊ हक्काचे करार करतात. दरसाल थोडी रक्कम द्यायची, आणि ठरलेल्या तारखेपर्यंत राज्याने 'पाणी हवं' असं कळवलं तरच पूर्ण रक्कम द्यायची. ही तारीख पेरणीच्या आधीची असली पाहिजे. कमिशनला मार्चअखेर सोयीची वाटत असेल, पण शेतकऱ्याचं बियाणं फेब्रुवारीतच आलेलं असतं.

तिसरी पायरी: कुणाचं पाणी घ्यायचं

या राज्यांत पाण्याचा हक्क 'आधी आला त्याचा आधी' या तत्त्वावर चालतो. १८९० सालचा हक्क १९३० च्या हक्काआधी भागवला जातो. टंचाईच्या वर्षी नवा हक्क कागदावरच राहतो. असा हक्क खंडाने घेतला तर पैसे जातील आणि नदीत थेंबही वाढणार नाही, कारण त्या वर्षी त्या शेतकऱ्याला पाणी मिळणारच नव्हतं. म्हणून जुने हक्क घ्यायचे, आणि शक्यतो धरणात साठणारं पाणी घ्यायचं. साठलेलं पाणी हवं तेव्हा सोडता येतं. पाटातून थेट वळवल्या जाणाऱ्या पाण्याचं तसं नाही. ते नदीत जेव्हा आहे तेव्हाच आहे.

विहिरींचं पाणी घ्यावं का? विचार करून. नदीपासून दूरच्या विहिरीचा उपसा आज थांबवला तर नदीत फरक पडायला वर्षानुवर्षं लागतात. रिपब्लिकनच्या खोऱ्यात काही ठिकाणी ही वाट दशकांची आहे. या वर्षीची तूट भरायला असं पाणी निरुपयोगी, पण वीस वर्षांनंतरचं देणं हलकं करायला उत्तम. त्यामुळे अल्प मुदतीच्या खंडासाठी पाटाचं पाणी आणि कायमच्या खरेदीसाठी विहिरींचे हक्क, अशी विभागणी करावी. पेकोसवरच्या २००३ च्या तडजोडीत दोन्ही केलं गेलं. कार्ल्सबॅड सिंचन जिल्ह्याच्या (हा सरकारी जिल्हा नव्हे, पाटाचं पाणी वाटणारी स्थानिक संस्था) २५,०५५ एकर लाभक्षेत्रापैकी ६,००० एकरांपर्यंतची जमीन पाण्याच्या हक्कासह विकत घ्यायची, रॉसवेलच्या भागातले विहिरींचे हक्क घ्यायचे आणि गरज पडेल तेव्हा नदीत पाणी टाकण्यासाठी सरकारी विहिरी खोदायच्या, असं ठरलं.

एक कुंपण आधीच लक्षात घ्या. न्यू मेक्सिकोच्या २००५ च्या 'स्ट्रॅटेजिक वॉटर रिझर्व्ह' कायद्याने राज्याला करार पाळण्यासाठी आणि धोक्यातल्या जीवांसाठी पाणी घेऊन ठेवायला परवानगी दिली, पण फक्त राजीखुशीने. सक्तीचं संपादन नाही. आणि 'असेकिया' म्हणजे गावकीच्या जुन्या सामाईक पाटांचे हक्क घ्यायला त्यात मनाई आहे. दहा जणांनी मिळून साफ ठेवायच्या पाटातले चार जण पाणी देऊन मोकळे झाले तर उरलेल्या सहांना तो पाट झेपत नाही, हे त्यामागचं साधं कारण.

चौथी पायरी: हक्क किती, यापेक्षा पीक पितं किती ते काढा

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून जरा थांबून एक हिशेब करू. आकडे माझे, उदाहरणापुरते.

एका शेतकऱ्याची १०० एकर लसूणघास आहे. हक्क एकरी ३ एकर-फूट, म्हणजे पाटाच्या तोंडाशी ३०० एकर-फूट. तो म्हणतो, माझं ३०० घ्या, एकर-फुटाला १०० डॉलर द्या. तीस हजार डॉलर झाले. पण त्या ३०० मधलं पिकाने खरोखर पिऊन हवेत सोडलेलं पाणी, गेल्या काही वर्षांच्या नोंदींवरून, समजा १८० आहे. उरलेलं १२० चारीतून, शेतातून पाझरून आणि निचऱ्याच्या नाल्यांतून पुन्हा नदीला मिळत होतं. म्हणजे ते खालच्या लोकांना आधीच मिळत होतं. शेत पडीक राहिलं की हे परतीचं पाणीही थांबतं. ३००च्या ३०० धरणातून सरहद्दीकडे सोडलं तरी नवी भर १८० चीच.

पुढे पडीक जमिनीतलं तणही थोडं पाणी खातं. त्याचे २० वजा करा, राहिले १६०. धरणापासून सरहद्दीपर्यंत नदीच्या वाळूत आणि उन्हात चौथा हिस्सा गेला, तर मापन केंद्रावर पोचले १२०. तीस हजार डॉलर भागिले १२०, म्हणजे सरहद्दीवरचा खरा भाव एकर-फुटाला २५० डॉलर. दोन प्रस्तावांची तुलना करायची ती याच भावाने. शंभर मैल वरचं ८० डॉलरचं पाणी सरहद्दीजवळच्या १५० डॉलरच्या पाण्यापेक्षा महाग पडू शकतं.

पिकाने किती पाणी खाल्लं हे काढायला पीकवार नोंदी, हवामान केंद्रांची आकडेवारी आणि आता उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेलं बाष्पीभवन वापरतात. निदान आठ-दहा वर्षांची सरासरी घ्या, त्यात दुष्काळी सालंही असू द्या. शेवटच्या एका वर्षावर भिस्त ठेवलीत तर खंडाची कुणकुण लागताच त्या वर्षी पाणी जास्त वापरून ठेवणारे निघतातच.

आणि परतीच्या पाण्यावर अवलंबून असलेला खालचा शेतकरी? त्याचाही हक्क आहे. आधी ज्या महिन्यांत जेवढं पाणी नाल्यातून येत होतं, तेवढं सोडत राहण्याची तरतूद नसेल तर तो कोर्टात जाईल आणि जिंकेल.

पाचवी पायरी: परवानग्या

इथे थोडक्यात, कारण प्रत्येक राज्याचा कागद वेगळा. राज्याच्या पाणी अधिकाऱ्याकडे (न्यू मेक्सिकोत त्याला स्टेट इंजिनिअर म्हणतात) वापराचं ठिकाण आणि हेतू बदलण्याचा अर्ज जातो, जाहीर नोटीस निघते, हरकती येतात. पाणी केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ रेक्लमेशनच्या प्रकल्पातलं असेल तर १९२० च्या एका कायद्यानुसार सिंचनाचं पाणी दुसऱ्या कामी वापरण्यासाठी वेगळा करार लागतो. सिंचन जिल्ह्याच्या संचालक मंडळाची संमती लागते, आणि व्यवहारात हीच सगळ्यात अवघड. शेतकऱ्याशी बोलण्याआधी मंडळाशी बोला.

शेतकऱ्याची पहिली भीती ओळखा: वापरलं नाही तर हक्क जाईल. ती खरी आहे. न्यू मेक्सिकोत सलग चार वर्षं पाणी वापरलं नाही तर नोटिशीनंतर हक्क बुडू शकतो. खंडाने दिलेला काळ 'न वापरलेला' धरला जाणार नाही, हे कायद्याच्या कलमासकट करारात लिहून द्या. तोंडी भरवशावर कोणीही सही करत नाही, करूही नये.

सहावी पायरी: भाव

कमीत कमी भाव म्हणजे त्या पिकातून शेतकऱ्याला मिळणारा निव्वळ नफा, अधिक जमीन सांभाळण्याचा खर्च. त्यावर किती, हे दोन तऱ्हांनी ठरतं. एक, सरकार दर जाहीर करतं. दोन, शेतकऱ्यांकडून बंद पाकिटात मागणी घेऊन कमी दरापासून वर जात निवडतात.

जाहीर दराचा धडा कोलोरॅडो खोऱ्यात मिळाला. २०२३ मध्ये वरच्या खोऱ्यातली पाणी-बचत योजना (पाणी न वापरल्याबद्दल शेतकऱ्याला पैसे देणारी) पुन्हा सुरू झाली तेव्हा सुरुवातीचा दर एकर-फुटाला १५० डॉलर ठेवला होता. शेतकऱ्यांनी तो अपमानास्पद मानला. शेवटी सुमारे ३८,००० एकर-फुटांसाठी १.६ कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला, म्हणजे सरासरी चारशेच्या वर. लिलावाचा धडा जॉर्जियाचा. २००१ च्या दुष्काळात फ्लिंट नदीच्या खोऱ्यात लिलाव करून सुमारे ३३,००० एकरांचं सिंचन एकरी सरासरी १३६ डॉलरला थांबवलं गेलं. लिलावात पहिल्यांदा हात वर करतो तो नापीक, कोपऱ्यातल्या, मुळात कमीच भिजणाऱ्या जमिनीचा मालक. म्हणून लिलाव एकरावर नको, चौथ्या पायरीत काढलेल्या 'सरहद्दीवरच्या' एकर-फुटावर हवा.

पैसा कुठून आणायचा हाही प्रश्न आहेच. नेब्रास्काने २००७ मध्ये कायदा करून रिपब्लिकन खोऱ्यातल्या नैसर्गिक संसाधन जिल्ह्यांना (पाणी-जमिनीची व्यवस्था बघणाऱ्या स्थानिक संस्थांना) सिंचित जमिनीवर एकरी १० डॉलरपर्यंत कर लावायची मुभा दिली. उपसा करणाऱ्यानेच भार उचलायचा, हे मला न्याय्य वाटतं.

गावाचा हिस्साही भावात धरा. जमीन पडीक राहिली की मालकाला पैसे मिळतात, पण मजूर, खतवाला, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा यांना काही मिळत नाही. कॅलिफोर्नियात पालो व्हर्दे खोऱ्याचं पाणी शहरांसाठी ३५ वर्षांच्या करारावर घेताना ६० लाख डॉलरचा स्थानिक निधी वेगळा काढला आणि कोणत्याही वर्षी पडीक जमीन ७ ते २८ टक्क्यांच्या दरम्यान राहील असं बांधून घेतलं. तो व्यवहार आंतरराज्य देण्यासाठी नव्हता, पण मर्यादा घालण्याची कल्पना उचलण्यासारखी आहे.

सातवी पायरी: करारपत्र आणि शेतावरची पाहणी

करारात शेताचा नकाशा, पडीक ठेवायच्या तुकड्यांचे क्रमांक, पाण्याचं मोजमाप, हप्ते, तण आणि धूळ आवरण्याची जबाबदारी आणि कुठल्याही दिवशी पाहणीला येण्याची मुभा हे सगळं हवं. पैसे तीन हप्त्यांत द्या: सहीला, हंगामाच्या मध्यावर पाहणी झाल्यावर आणि हंगाम संपल्यावर. एकाच शेताला दरवर्षी पडीक ठेवू नका. कोलोरॅडो राज्याच्या २०१३ च्या कायद्यानुसार चालणाऱ्या प्रायोगिक खंड-योजनांत एक तुकडा दहा वर्षांतून तीनच वर्षं पडीक ठेवता येतो.

पाहणीला गेल्यावर आधी दार बघा. शेताच्या पाटाचं दार साखळी लावून बंद आहे का, सीलवरचा क्रमांक नोंदीशी जुळतो का, दाराखालची माती कोरडी आहे का. शेजारच्या चारीतून रात्री वळवलेलं पाणी ओल्या कडांवरून कळतं. मग पीक. लसूणघास असेल तर जास्त सावध राहा, कारण तिची मुळं फार खोल जातात. भूजल वर असलेल्या जमिनीत पाण्याची एकही पाळी न देता ती ऑगस्टमध्ये हिरवीगार उभी असते. शेतकरी खोटं बोलत नसतो, त्याने खरंच पाणी दिलेलं नसतं, पण पीक खालून पीतच राहतं आणि तुमचं खंडाचं पाणी शेतातच संपतं. अशा जमिनीत लसूणघास नांगरून मोडण्याची अट आधीच घाला आणि नव्याने पेरण्याचा खर्च भावात धरा. ती अट मान्य नसेल तर ते शेत घेऊ नका.

आठवी पायरी: पाणी सरहद्दीपर्यंत पोचवा

शेतकऱ्याने पाणी सोडलं, पण मधल्या दुसऱ्या हक्कदाराने ते उचललं तर? कोलोरॅडो खोऱ्याच्या बचत योजनेवरची मुख्य टीका हीच. नदीत सोडलेलं पाणी खाली पॉवेल जलाशयापर्यंत सांभाळून नेण्याची कायदेशीर सोय नव्हती, त्यामुळे ते वाटेत कुणीही वळवू शकत होतं आणि करारात त्याचं श्रेयही मिळत नव्हतं. धरणात साठवून, अधिकाऱ्याच्या आदेशाने, नावनिशीवार सोडलेलं पाणीच सांभाळता येतं.

सोडायचं कसं यावरही बरंच अवलंबून आहे. वाळूच्या पात्रात थोडं थोडं पाणी महिनाभर सोडलं तर पात्रच ते पिऊन टाकतं. तेवढंच पाणी काही दिवसांत मोठ्या धारेने सोडलं तर घट कमी. पेकोसवर समनर धरणातून खालच्या ब्रँटली धरणाकडे असंच एकगठ्ठा पाणी सोडतात. पण नदीतल्या पेकोस ब्लंटनोज शायनर या धोक्यातल्या छोट्या माशामुळे एक विसर्ग १५ दिवसांपेक्षा जास्त चालवत नाहीत, कारण लांबलेल्या धारेत त्याची अंडी आणि पिल्लं वाहून जलाशयात जातात. सरहद्दीकडचा शेवटचा टप्पा शक्यतो हंगाम संपल्यावर, थंडीत घ्यावा. ऊन कमी, पाट बंद, काठची झुडपंही पाणी ओढत नाहीत.

नववी पायरी: श्रेय लिहून घ्या

सोडण्याआधी खालच्या राज्याला आणि हिशेब ठेवणाऱ्याला तारीख, धार आणि अंदाजे प्रमाण लेखी कळवा. धरणाच्या दाराशी, मधल्या केंद्रावर आणि सरहद्दीवर दर तासाची नोंद जपून ठेवा.

लेखी का, याचं उदाहरण पेकोसवरच घडलं. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये ओडाइल वादळाच्या अवशेषांनी खोऱ्यात पूर आणला. टेक्ससचं रेड ब्लफ जलाशय एवढं पाणी घ्यायला तयार नव्हतं, म्हणून टेक्ससने विनंती केली की पाणी न्यू मेक्सिकोतच ब्रँटली धरणात थांबवा. पुढच्या वर्षी सोडेपर्यंत त्यातलं बरंच उडून गेलं. ती वाफ कुणाच्या नावावर? सहा वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने न्यू मेक्सिकोच्या बाजूने कौल दिला. टेक्ससची विनंती कागदावर होती, आणि हे बाष्पीभवन तुमच्या खात्यात धरलं जाईल हे न्यू मेक्सिकोने तेव्हाच कळवलेलं होतं, या दोन गोष्टी निर्णायक ठरल्या.

उलट, तूट अंगावर घेऊन 'नंतर दंड भरू' असा विचार करणाऱ्यांनी नेब्रास्काचा निकाल वाचावा. २००५-०६ मध्ये रिपब्लिकन नदीचं वाट्यापेक्षा जास्त पाणी वापरल्याबद्दल २०१५ मध्ये त्यांना ५५ लाख डॉलर भरावे लागले. त्यातले ३७ लाख कॅन्ससच्या नुकसानीचे होते आणि १८ लाख नेब्रास्काने त्या पाण्यावर कमावलेल्या फायद्यापोटी काढून घेतलेले.

जमाखात्यात शिल्लक वाढली की अंदाजपत्रक करणारे पहिला हात खंडाच्या तरतुदीला घालतात. शिल्लक दोन कोरड्या वर्षांना पुरेल इतकी झाल्याशिवाय आगाऊ हक्काचे करार मोडू नका, कारण एकदा गेलेला शेतकरी त्याच भावाला परत येत नाही.